गाळणी

फोन कंपनीच्या ऑफिसात तिला सगळे गाळणी म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं. फोनवर दोघं बोलत असतात तेव्हा निम्मा वेळ कुणीतरी एक गप्पच असतं. ते गप्प बसणं पलीकडे पाठवून जागा कशाला अडवायची, हा तिचा कामधंदा. आवाजाचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा बोलणं आहे की शांतता ते ठरवायचं, शांतता असेल तर फेकून द्यायची. फोन कट झाला असं पलीकडच्याला वाटू नये म्हणून त्याचाच फोन एक मंद खरखर तयार करून त्याच्या कानात सोडतो. खोटी, पण इतकी बेमालूम की माणूस निर्धास्त राहतो. चाचणीसाठी तिने ऑफिसातल्याच धडधाकट गळ्यांचे आवाज घेतले आणि गाळणी अशी घट्ट विणली की साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि ती गाळणी कंपनीच्या सगळ्या फोनांत बसवून टाकली. बाई महिनाभर हवेत होत्या.

तिचे बाबा बाजारात लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज दोन गल्ल्या ओलांडून जायचा. घशात गाठ निघाली तेव्हा त्यांनी ऑपरेशनला साफ नकार दिला. आवाज गेल्यावर माझ्यात उरतं काय, असं त्यांचं म्हणणं. ती हट्टाला पेटली, रडली, डॉक्टरांना मध्ये घातलं आणि शेवटी त्यांना कबूल करायला लावलंच. गाठ गेली, आवाजही गेला. कुजबुजण्याइतकं काय ते उरेल, असं डॉक्टर म्हणाले. ती नोकरीच्या गावी परतली आणि बाबांचं सगळं आत्याने अंगावर घेतलं.

मग रोज संध्याकाळी आत्या फोन लावून बाबांच्या हातात द्यायची. पलीकडून नुसती मंद खरखर. मधेच एखादी तुटकी फुसफुस, की पुन्हा तेच. कुजबुजता येत असून बोलत नाहीत, म्हणजे राग गेलेला नाही, असं तिने मनाशी पक्कं धरलं. आत्याला विचारायची हिंमत काही झाली नाही. तरी ती फोन ठेवायची नाही. मधूनमधून 'ऐकतेय बाबा', 'हो बाबा' म्हणत राहायची, निदान आपल्या बाजूने तरी अबोला नको म्हणून. आपलीच गाळणी आपल्या कानाला लागली आहे, हे या हुशार बाईच्या डोक्यात शिरलं नाही. स्वतःच्या हातच्या वस्तूवर माणूस इतका भरवसा टाकतो, त्याला काय म्हणावं.

गाठ परत आली आणि या खेपेला बाबांना घेऊनच गेली.

सगळं उरकल्यावर दोघी बाबांच्या खोलीत त्यांच्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. आत्या म्हणाली, "तुझ्या फोनसाठी दिवस काढायचा गं तो. केवढं बोलायचा तुझ्याशी, पार दम लागेपर्यंत."

तिच्या हातातला सदरा तसाच राहिला. कुजबुजीत घशाचा नाद नसतो, नुसती हवा असते. आणि नुसती हवा म्हणजे शांतता, हे तिनेच ठरवलं होतं. जे पाठवलंच गेलं नाही ते कुठे साठलेलंही नसतं, त्यामुळे शोधायला जागाच नव्हती. बाबांची खोली म्हणून ती जी खरखर ऐकत बसायची, ती तिच्याच फोनने बनवलेली होती.

आत्याच्या कानावर त्यातलं काही पडायचं का, असं तिने कसंबसं विचारलं.

"छे गं. बापलेकीचं बोलणं, मी तिथे कशाला? उठून स्वयंपाकघरात जायचे. पण फोन झाला की चेहरा बघावा त्याचा. म्हणायचा, आज सगळं सांगून टाकलं, पोरीने एकदाही मधे तोंड घातलं नाही."

खरं काय ते सांगायला तिने तोंड उघडलं. आत्याचा चेहरा बघून मिटलं.

"शेवटी शेवटी तर एकच घोकत होता," आत्या म्हणाली, "पोरीने हो म्हटलंय, शब्द दिलाय. कसला ते मी काही विचारलं नाही. पाळशील ना?"

"पाळेन," ती म्हणाली.