कांदा, कात्री आणि भोपळा

क्लॅरी हॉब्डनला अठ्ठ्याहत्तर वर्षं पुरी झाली होती आणि सोमवारी त्याला डॉक्टरकडून गाडी चालवण्यासाठीचा दाखला घ्यायचा होता. पंचाहत्तरीनंतर तो दरवर्षी लागतो. दाखला मिळाला नाही तर घर सुटणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्याच्या मुलीला, जेनेललाही. मेंढ्यांच्या वाड्याशेजारच्या त्या घरापासून किराण्याचं दुकान बेचाळीस किलोमीटरवर होतं आणि बस नव्हती.

जेनेल सिडनीहून आली ती याचसाठी. "एकदा त्यांच्या शेजारी बसून बघा," असं डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या. ते ऐकून क्लॅरी फुरफुरला.

"बघायचंय ना? मग नीट बघ. कांदा, कात्री आणि भोपळा करू. दोन दिवस. तुला एकदा जरी ब्रेक दाबावासा वाटला, तर सोमवारी खुशाल सांग त्या बाईला."

गावात जे पिकतं किंवा गाव ज्यावर जगतं त्याचं दोन-तीन मजली रूप करून हमरस्त्यावर उभं करायची इकडे रीत आहे. जेनेलच्या आईला गाडी लागायची, म्हणून ही सहल चाळीस वर्षं राहून गेली होती.

कांदा काँक्रीटचा निघाला. त्याच्या पोटात गावाचं स्वच्छतागृह होतं. क्लॅरी आत जाऊन आला.

"डोळ्यांत पाणी नाही आलं," त्याने जाहीर केलं.

गाडी तो बेताने चालवत होता. रस्ता रिकामा असला तरी वळताना दिवा दाखवत होता. समोरून गाडी आली की स्टिअरिंगच्या चाकावरून एक बोट वर करत होता. पलीकडचाही करत होता. त्या भागात असंच करतात. संध्याकाळपर्यंत जेनेलने अशी अकरा बोटं मोजली आणि तिला हायसं वाटलं. प्रत्येक गाडी दिसतेय याला. डॉक्टरीणबाईंना काय कळवायचं ते तिने मनात जुळवूनही ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कात्री झाली. पत्र्याची, मेंढ्या कातरायची, चर्चपेक्षा उंच.

"पाती उलटी बसवलीत," क्लॅरी म्हणाला. "हिने लोकर नाही निघायची, मेंढी निघेल."

तिथून निघाल्यावर डाव्या बाजूच्या एका फाटकाशी जुना पांढरा फ्रिज उभा होता. कुणीतरी त्याची टपालपेटी केली होती. क्लॅरीने बोट वर केलं. गंमत करतोय, असं जेनेलला वाटलं. पुढे त्याने पाण्याच्या टाकीलाही बोट वर केलं. मग धुळीच्या रंगाची एक खरी गाडी मध्यरेषेला चिकटून आली, सुसाट निघून गेली, आणि ती गेल्यावर त्याचं बोट उठलं. जेनेलचा उजवा पाय कधीच पायाखालच्या पत्र्यावर आपटला होता.

पुढच्या थांब्यावर त्याने पिकअपचं मागचं फळकूट पाडलं आणि थर्मासमधला चहा ओतला.

"बाबा, तू मघाशी फ्रिजला हात केलास."

"कुठल्या फ्रिजला?"

"टपालाच्या. फाटकाजवळच्या."

"तो पांढरा? मला वाटलं शेजारच्या डगीची गाडी. रस्त्यात उभी केली म्हणून मनात शिव्यापण घातल्या त्याला."

"आणि टाकीला?"

"टाकीला पण केला?" त्याने कप खाली ठेवला. "हे बघ, उद्या कुणी म्हणायला नको, म्हातारा शेफारला, ओळख देत नाही. म्हणून काही उभं दिसलं की करतो बोट वर. टाकीचं काय जातंय?"

"कधीपासून?"

"मेंढ्यांच्या कातरणीपासून."

"सात महिने!"

"आठ."

"ती धुळकट गाडी निघून गेल्यावर तुझं बोट उठलं, बाबा. मी इकडे ब्रेक दाबला. इकडे ब्रेक नाहीच, तरी."

"बूट आपटल्याचं ऐकलं मी." क्लॅरीने उरलेला चहा गवतात फेकला. "कान शाबूत आहेत."

तो तारेवर बसलेल्या पोपटांकडे पाहत होता. त्याला ते दिसत होते की नाही, हे तिने विचारलं नाही.

"सोमवारी मी सांगेन," तो म्हणाला. "तू बाहेर बस. पोरीने बापाची चहाडी केली, असं नको."

"आणि घर?"

"घराचं आज नको विचारूस."

"नाही विचारत."

किल्ली गाडीतच होती. तो पिकअपला वळसा घालून डाव्या दाराशी गेला आणि चढून बसला. जेनेल बुटकी, तिने सीट पार पुढे ओढलेली. त्याचे गुडघे समोरच्या कप्प्यात रुतले.

"अगं, हे मागे कसं घ्यायचं? एकोणीस वर्षं झाली गाडी घेऊन, या बाजूला मी बसलोच नाही कधी."

"खाली दांडा आहे. मधोमध. वर ओढ."

तो चाचपडत राहिला. तिने पुढे होऊन मदत केली नाही. चाकामागे बसली आणि वाट पाहिली. सीट धाडकन मागे गेली.

"सापडला," क्लॅरी म्हणाला. "चल आता. भोपळा पाचला बंद करतात."