दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या

शिवणकाम प्रशिक्षण संस्थेच्या प्राचार्यांना मुली टेपरेकॉर्डर म्हणत, आणि त्यात काडीची अतिशयोक्ती नव्हती. 'शिकवण्याच्या पद्धती' या विषयात त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. त्या जोरावर बावीस वर्षं तीच वही, तोच विनोद आणि त्याच जागी तोच खोकला चालू होता. सुईत दोरा कसा ओवावा यावर गृहस्थ पाऊण तास बोलत. स्वतःच्या सदऱ्याचं बटण तुटलं की मात्र शिपायाला हाक मारत.

कटिंगबाईंना या माणसाचा मनापासून तिटकारा होता. बाईंची तीस वर्षं कापड कापण्यात गेली होती, त्यातली शेवटची अकरा या संस्थेत, तीही हंगामी. दर वर्षी नवं पत्र, दर वर्षी तीच धाकधूक. त्यांच्या खोलीत एकच मोठं टेबल होतं, आठ फुटी, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. मुली त्याच्याभोवती उभ्या राहत. बाई एकीच्या हातात कात्री देत, तिच्या हातावर आपला हात ठेवत, आणि अख्ख्या तासात फार तर चार शब्द बोलत. 'हं.' 'थांब.' 'अगं बये!' मुली चुकत, रडत, आणि वर्षाअखेरी कोट शिवून अंगात घालून घरी जात.

"व्याख्यान म्हणजे काय गं," बाई घरी भाचीला म्हणत, "एकानं घसा कोरडा करायचा आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. न्हाव्यानं कधी व्याख्यान ऐकून वस्तरा धरलाय का?" बहिणीची ही मुलगी बाईंकडेच राहत होती आणि त्यांच्याच वर्गात शिकत होती. घरात ती त्यांना मावशी म्हणे, वर्गात बाई.

मग एक दिवस सूचना लागली. समिती येणार, प्रत्येक शिक्षकाचं पाऊण तासाचं व्याख्यान ऐकणार. ज्याचं पसंत पडेल तो कायम. ज्याचं पडणार नाही त्याला पुढच्या वर्षी पत्र नाही.

"विषय तुमचा तुम्ही निवडा," प्राचार्य उदारपणे म्हणाले. "पण बोला हं बाई. नुसतं हातवारे करून शिकवणं हे काही शिक्षण नव्हे."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरी आल्यावर त्यांनी भाचीला वही घेऊन बसवलं. अकरा वर्षांची हंगामी नोकरी कुणाला हवीय हो? विषय ठरला, कोटाची बाही. पंधरा दिवस त्या स्वयंपाकघरात येरझारा घालत बोलत होत्या आणि भाची लिहून घेत होती. आणि काय सांगावं, बाई बोलायला लागल्या तशा रंगत गेल्या! ज्या बाईंच्या तोंडून तासात चार शब्द निघत, त्यांना उपमा सुचू लागल्या. टेपरेकॉर्डरच्या खोकल्याच्या जागी त्यांनी मुद्दाम एक विनोद घातला.

समितीसमोर तर कहरच झाला. बाही कोपरात का वाकते, पुढे का झुकते, खांद्याच्या मुंढ्यात ती कशी बसते, हे सगळं त्यांनी असं उभं केलं की समितीतले एक गृहस्थ नकळत आपलंच कोपर चाचपू लागले. एकोणीस मुलींच्या एकोणीस वह्या भरल्या. शेवटी टाळ्या पडल्या. बाईंना टाळ्या आवडल्या. हे त्या कुणापाशी कबूल करणार नव्हत्या, पण आवडल्या.

आठवड्यात पत्र आलं. जाड कागद, शिक्का, 'व्याख्याती या पदावर कायम'. खाली समितीचा शेरा होता. इतक्या समर्थ वक्त्या असताना टेबलाची आवश्यकता उरत नाही, त्या जागी बाकं मांडावीत. टेबलाखेरीज वर्ग चालेल या अटीवरच ही नेमणूक. दुसऱ्या दिवशी शिपायांनी टेबल उचलून व्हरांड्यात नेलं. त्यावर कुंड्या ठेवल्या गेल्या. बाई त्याच्या शेजारून जाताना दुसरीकडे बघत. पत्र त्यांच्या पर्समध्ये असे.

वार्षिक समारंभ जवळ आला. प्राचार्यांनी फर्मावलं की मुलींनी व्याख्यानाच्या टिपणांवरून घरी एकेक कोट शिवावा. व्याख्यानपद्धतीचा विजय ते भाषणात मांडणार होते, आणि तेही मुलीनंच शिवलेला कोट अंगात घालून. तो मान भाचीला मिळाला, कारण तिची टिपणं सर्वांत स्वच्छ होती. बाईंनी मदत करायची नाही, अशी ताकीदही दिली. बाईंनी केली नाही. कशाला करतील? सगळं सांगितलं होतं की.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी भाची कोट घेऊन कचेरीत आली. बाई सोबत होत्या. प्राचार्यांनी उजवा हात घातला. झकास. मग डावा घातला आणि त्यांचा चेहरा पालटला. कोपर पुढे येईना. बाही हात मागे ओढत होती, पोलिसानं पाठीमागून धरल्यासारखी.

बाईंनी एका नजरेत ओळखलं. डाव्या खांद्याला उजव्या हाताची बाही होती. संस्थेनं मुलींना दिलेलं कापड अरुंद होतं, दुहेरी घडी पडत नव्हती, म्हणून बाह्या एकेक करून कापलेल्या. अशा वेळी दुसऱ्या बाहीला कागदी नमुना पालथा ठेवावा लागतो, नाही तर दोन्ही एकाच हाताच्या निघतात. टेबलाशी बाईंचा हात तो कागद आपोआप पालथा करी. तीस वर्षांत ही गोष्ट त्यांना तोंडानं सांगावीच लागली नव्हती, म्हणून व्याख्यानातही ती आली नाही.

"बाकीच्यांचे कोट?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांचे असेच आहेत," भाची म्हणाली. "एकोणीसच्या एकोणीस."

"मग घालताना कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"आम्हाला वाटलं, आमचंच अंग वाकडं." आणि तिला रडूच फुटलं. वर्गातलं 'बाई' विसरून ती म्हणाली, "मावशी, तू बोलत होतीस ना, तेव्हा सगळं कळत होतं गं."

बाईंना ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. आजवर सगळा तिरस्कार त्यांनी टेपरेकॉर्डरसाठी राखून ठेवला होता. आता त्यातला अर्धा स्वतःच्या वाट्याला आला.

"काही बिघडलं नाही," प्राचार्य मागे ओढलेल्या हातानिशी म्हणाले. "याच मुद्द्यावर एक ज्यादा व्याख्यान घ्या. नमुना पालथा ठेवण्याचे महत्त्व. मीही दोन शब्द बोलेन."

बाईंनी पर्समधून ते जाड पत्र काढलं. दुसऱ्या हातानं कात्री काढली, आणि 'कायम' या शब्दाच्या मधून वीतभर लांबीची छोटी बाही सफाईनं कापली. शिक्क्याचा तुकडा जमिनीवर पडला.

"अहो बाई! हे काय करताय?"

"ही उजव्या हाताची," बाईंनी ती त्यांच्या टेबलावर ठेवली. "आता हिची डाव्या हाताची करून दाखवा, साहेब. तुम्ही तर डॉक्टर."

प्राचार्यांनी ती फिरवली. वरचं टोक खाली केलं, खालचं वर केलं. पुन्हा फिरवली. तोंडानं ते समरूपता, दिशा, संकल्पना असं काहीबाही म्हणत राहिले. बाही होती तिथेच, उजव्या हाताची.

भाचीनं नाक पुसलं, पुढे झाली, आणि एका बोटानं कागद पालथा केला. मग तिनं तो उचलला, पुन्हा पालथा केला, पुन्हा सुलटा. तिचे डोळे मोठे झाले.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच," बाई म्हणाल्या.

"तुमचं पद गेलं, हे कळतंय ना तुम्हाला?" प्राचार्य ओरडले. त्यांना बोट रोखायचं होतं, पण नेमका डावा हात उचलला गेला आणि तो निघाला भलत्याच बाजूला.

"कळतंय. उद्यापर्यंत तुमची बाही बदलून मिळेल. ती या मुली कापतील, आणि टेबलावरच कापतील."

बाई व्हरांड्यात गेल्या. कुंड्या एकेक करून खाली ठेवल्या, पदरानं टेबलावरची माती पुसली आणि मुलींना हाक मारली. मग एक टोक स्वतः धरलं.

"उचला," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी पुढे फारसं काही सांगितलं नाही.