मिस्त्रींची डावखुरी फळी

मित्रांनो, या शेडमध्ये सगळ्यात खाली आडवी पडलेली, पोटाला दोन ठिगळे लावलेली तपकिरी फळी म्हणजे मी. लोक मला सर्फबोर्ड म्हणतात. माणसाला लाटेच्या पाठीवर उभे करायचे आणि किनाऱ्यापर्यंत आणून सोडायचे, हा माझा धंदा. माझे वय विचारू नका. समुद्र माझ्याहून थोडा मोठा आहे, एवढेच सांगते. मी तिखटमीठ लावून बोलते, असे काही जण म्हणतात. तिखटाचे मला ठाऊक नाही, पण मिठाला माझा इलाज नाही. सगळा जन्म खाऱ्या पाण्यात गेला.

माझा जन्म याच पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मिस्त्री पूर्वी इथे होड्या बांधत. लोक लाकडाच्या होड्या घेईनासे झाले, तेव्हा ते फळ्या बांधू लागले. म्हणून माझ्या पोटात अजून होडीसारखा सांगाडा आहे. त्यावर त्यांनी हलक्या लाकडाच्या पट्ट्या एकीला एक चिकटवत नेल्या आणि शिकंज्यांनी आवळून ठेवल्या. आतून मी पोकळ, म्हणून आत शिरलेले पाणी आणि कोंडलेली हवा काढायला शेपटाजवळ एक पितळी बूच बसवले. खाली माशासारखा एक पर लावला, पाण्यात वाट धरायला. मग माझ्यावर रंधा फिरू लागला. कुरळ्या सालींचा एवढा ढीग झाला की शेजारची कोंबडी त्यात अंडी घालून विसरून गेली. पिल्ले बाहेर आली, तेव्हा ती रंध्यालाच आई समजून त्याच्यामागे धावत होती.

दोन्ही कडा सारख्या झाल्या की नाही, हे मिस्त्री सावलीवरून पाहत. एका बाजूने दिवा लावायचा, मग दुसऱ्या बाजूने. सावली जिथे अडखळेल, तिथे रंधा मारायचा. आधी होड्या आणि मग फळ्या घडवण्यात सगळा जन्म त्यांनी असा घालवला होता.

आता आमच्या किनाऱ्याची रीत ऐका. नवी फळी पाण्याला लागली की तिथल्या प्रत्येकाने तिच्यावर एकेक लाट घ्यायची, बाहेर यायचे आणि मिस्त्रींच्या तोंडावर तिची एक खोड सांगायची. स्तुतीला सक्त मनाई. पोस्टमन म्हणायचा, "मिस्त्री, ही फळी आहे की इस्त्रीचं टेबल?" दातांची डॉक्टर म्हणायची, "नाक किती वर केलंय हिनं! रुसलेली विहीण वाटते." मिस्त्री त्यांना उलट ऐकवायचे, "आधी स्वतःचं पोट बघा, मग फळीला बोला." पण कानावरची पेन्सिल काढून ते तिथेच खूण करायचे आणि फळी परत घोडीवर, म्हणजे कामाच्या लाकडी तिवईवर, चढवायचे. आमच्याकडची एकेक फळी अशी नावे ठेवून घेत घेत शहाणी झाली आहे.

सगळ्यात तिखट तोंड होते ताईंचे. ताई म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. नाक्यावरची बेकरी त्यांची. सत्तरी गाठली तरी भट्टी उतरवली की त्या सरळ पाण्यात. लाटासुद्धा त्यांना वळसा घालून जात असत, असे मी ऐकले आहे. पण मी पहिल्यांदा पाण्यात गेले, तेव्हा नेमक्या त्या नातीच्या बाळंतपणाला परगावी गेल्या होत्या. घोटाळा झाला तो तिथे.

मिस्त्रींचा उजवा डोळा गेला होता. त्याला आता उपाय नाही, असे डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून वर्ष झाले होते. ही गोष्ट मिस्त्रींनी कुणालाच सांगितली नाही. फक्त रंधा मारताना माझ्यापाशी पुटपुटले. फळीला काय, तोंड नसते, असा त्यांचा समज. उजवीकडे दिवा लावला की ते मान वाकडी करून उभे राहत आणि मग अंदाजाने रंधा मारत. त्यामुळे माझी डावी कड राहिली बारीक आणि उजवी झाली फुगीर. परही जरा तिरका बसला.

माणसे मात्र आंधळी नव्हती. पोस्टमनने बाकीच्यांना आधीच एका बाजूला घेतले होते.

"काल मिस्त्रींनी सही कुठे केली माहितेय? माझ्या मनगटावर! त्यांना दिसत नाही. आज फळी कशीही असू दे, कुणी वाकडं बोलायचं नाही. म्हातारा माणूस आहे, मन मोडेल."

सगळ्यांनी माना हलवल्या. मग डॉक्टरीणबाई माझ्यावर चढून उजवीकडे निघाल्या आणि डावीकडच्या मासळीच्या धक्क्यावर जाऊन पोचल्या. तिथे एकाने त्यांना आपली दुखरी दाढ दाखवून घेतली. पोस्टमनला तर मी इतक्या वेळा पाण्यात टाकले आणि त्याच्या पोटात इतके पाणी गेले की भरती थोडी उतरली. पण बाहेर आल्यावर प्रत्येकाच्या तोंडी साखर.

"लोण्यासारखी चालते हो!"

"मिस्त्री, झकास! काही म्हणजे काही खोट नाही."

मित्रांनो, मी मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तो आधी गोंधळला, मग उतरला. त्यांनी पेन्सिल कानावरून काढली होती, ती हळूच खिशात ठेवली. "बरं," एवढेच म्हणाले. मला काखेत मारून शेडमध्ये आले, रंधा खुंटीला लावला आणि दार ओढून घेतले.

मागे सगळे एकमेकांकडे बघत राहिले. "आपण तर चांगलंच बोललो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यानंतर शेड उघडली नाही. माझ्यावर धूळ बसली. एका कोळ्याने माझ्या नाकापासून शिकंज्यापर्यंत जाळे विणले आणि त्यात माशी अडकेना, तेव्हा तोही कंटाळून निघून गेला. लोक दार वाजवायचे. आतून उत्तर यायचे, "बरं आहे माझं." शेवटी मिस्त्रींनी जुने सामान घेणाऱ्याला सांगावा धाडला. सोमवारी तो येणार आणि रंधे, शिकंजे, घोड्या, सगळे उचलून नेणार. सामान गेले की मिस्त्रींचे मिस्त्रीपणही गेले. हे सगळ्यांना कळत होते, पण तोंड कुणी उघडावे?

रविवारी ताई परत आल्या. त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. भावाकडे यायचे तर कडी वाजवायची त्यांना सवय नाही. मागच्या दाराने शेडमध्ये शिरल्या, नवी फळी दिसली, पदराने धूळ झटकली आणि मला घेऊन पाण्यात. थोड्या वेळाने परत आल्या त्या अंगभर वाळू, गुडघा सोललेला आणि आवाज चौकापर्यंत.

"बाळ! बाहेर ये आधी!"

पांढऱ्या मिशांचे मिस्त्री शेजारच्या खोलीतून आले. "कधी आलीस, ताई?"

"ते राहू दे. ही फळी केलीस की विळा? मी म्हणते इकडे, ही पळते तिकडे! माझ्या भट्टीतून असा एका बाजूला फुगलेला पाव निघाला तर मी तो गिऱ्हाइकाला देत नाही. डोळे फुटले का तुझे?"

"एक फुटलाय," मिस्त्री म्हणाले.

ताईंनी मला घोडीवर टेकवले.

"कधीपासून?"

"झालं वर्ष."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तूही चांगलं म्हणाली असतीस. सगळे म्हणाले. त्या पोस्टमननं हात जोडून झकास म्हटलं मला. ताई, माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल बोलतात ना, तसं बोलत होते सगळे."

ताईंनी ओल्या पदराने डोळे पुसले आणि नाकही. "मी? तुला चांगलं म्हणेन? तोंड बघ आरशात. उजवी कड फुगलीय. हात आण इकडे."

त्यांनी मिस्त्रींचे दोन्ही हात धरून माझ्या दोन्ही कडांवर ठेवले. मिस्त्रींनी डोळे मिटले. नाकापासून शेपटापर्यंत दोन्ही तळवे एकदम खाली आले. मध्यावर उजवा हात थांबला.

"अरेरे."

"अरेरे काय करतोस? रंधा घे."

त्यांनी रंधा घेतला. दिवा लावलाच नाही. एक फेर रंधा, एक फेर तळवे. मला गुदगुल्या होत होत्या, पण मी हलले नाही.

बेकरीतली बातमी पावाआधी घरोघर पोचते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या दारात सगळे हजर. पोस्टमन सगळ्यात पुढे, मान खाली. "मिस्त्री, चुकलं आमचं."

"माफी नको मला. खोड सांग."

पोस्टमनने ताईंकडे पाहिले, मग घसा खाकरला. "शेपटी जड आहे. आणि तुमच्या कृपेनं मी इतकं पाणी प्यायलोय की अजून चहात मीठ लागतंय."

"पर वाकडा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दात असता तर कधीच उपटून टाकला असता."

मग काय विचारता! गिळून ठेवलेले सगळे बाहेर पडले. मिस्त्री डोळे मिटून हसत होते आणि हात चालूच होते. जुने सामान घेणारा हातगाडी घेऊन आला, तर त्याला आत पाय ठेवायला जागा मिळेना. दाराबाहेरूनच तो म्हणाला, "नाक जरा बोथट वाटतंय." मिस्त्रींनी तिथेही बोट फिरवले आणि मान हलवली. तो रिकामी गाडी घेऊन परत गेला.

संध्याकाळी ताई मला घेऊन पाण्यात गेल्या. सगळा किनारा श्वास रोखून उभा. मी लाट धरली आणि जमेल तितकी सरळ चालले. ताई बाहेर आल्या, केस पिळले आणि म्हणाल्या, "अजून किंचित डावीकडे ओढते."

मिस्त्रींनी खिशातली पेन्सिल काढली. "मग आण इकडे."

त्यानंतर त्यांनी डोळे मिटून कितीतरी फळ्या घडवल्या. मीही पुष्कळ वर्षे लाटा पाहिल्या. एकदा तर पोस्टमनला इतक्या उंच लाटेवर नेले की त्याला वरून आपल्या घराची गच्ची दिसली आणि त्याने तिथूनच बायकोला ओरडून सांगितले, "अगं, कपडे आत घे!" यातले अर्धे वजा केलेत तरी चालेल.

मित्रांनो, माझ्यासारख्या फळीला सांभाळणे फार अवघड नाही. पाण्याबाहेर आल्यावर अंगावरचे मीठ गोड्या पाण्याने धुवा, बूच सैल करा, उन्हात टाकून जाऊ नका. माणसाला सांभाळणे मात्र थोडे कठीण आहे. कुणी आपल्या हाताचे काम घेऊन तुमच्यासमोर उभा राहिला, तर गोड बोलून त्याला वाटेला लावू नका. काय चुकले ते त्याला सांगा, आणि तो ते दुरुस्त करेपर्यंत तिथेच, त्याच्याजवळ बसून राहा.