गोदाबाईंची एक्केचाळीस पुस्तकं

चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यावर सिंधूताईंना एक सवय लागली होती, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. समोर आलेला कुठलाही कागद त्या आधी खोटा धरत. मग तो निबंध असो, रजेचा अर्ज असो, की कुणाच्या आजारपणाचं पत्र. अमरावतीत अजूनही चाळिशी-पन्नाशीतली माणसं त्यांना रस्त्यात भेटली की शेजारच्याला सांगत, "या आमच्या कॉपी पकडणाऱ्या बाई." सिंधूताईंना ते ऐकायला बरं वाटायचं.

म्हणूनच शहरातल्या ग्रंथालयाच्या समितीने सभासदांच्या वाचनाच्या वह्या तपासायचं काम त्यांच्यावर सोपवलं. उपक्रम साधा होता. सभासदांनी जानेवारी ते डिसेंबर वाचलेल्या कादंबऱ्यांची नोंद ठेवायची. पुस्तकाचं नाव, संपल्याची तारीख आणि चार-सहा ओळी स्वतःच्या. सगळ्यात चांगल्या वहीचा मार्चमधल्या वार्षिक सभेत सत्कार. तेवीस वह्या आल्या. त्यातल्या पंधरा सिंधूताईंनी एका दुपारीच बाजूला काढल्या, कारण मलपृष्ठावरचा मजकूर त्यांना पाठ होता. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी शहाण्णव कादंबऱ्या लिहिल्या होत्या आणि शहाण्णव वेळा 'वाचनीय' म्हटलं होतं.

मग एक साधी दोनशेपानी वही हाती आली. नाव, गोदाबाई वामनराव ढोकणे. वय एकोणसत्तर. गाव तेल्हाऱ्याजवळचं. कादंबऱ्या एक्केचाळीस.

तिसऱ्या नोंदीत लिहिलं होतं, "या कादंबरीत कोणी जेवतच नाही. तीनशे पानं माणसं उपाशी बोलतात." नवव्या नोंदीत, "लेखकाला शेतातलं समजत नाही. आषाढात कापूस वेचायला लावला. बाकी माणूस हुशार." चौदाव्या नोंदीत, "नायक चांगला आहे, पण रडतो फार. त्याच्या बायकोला रडायला जागाच उरली नाही."

सिंधूताई हसल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि लगेच त्यांचा संशय जागा झाला. एकोणसत्तर वर्षांची शेतकरीण, अमरावतीहून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर राहणारी, आणि पुस्तकं इथून नेणार? वहीत अक्षरंही दोन होती. एक गोल, जपून काढलेलं. दुसरं झरझर, कॉलेजात नोट्स उतरवणाऱ्या पोरीचं. आणि गोदाबाईंची सही कुठेच नव्हती. सभासदत्वाच्या अर्जावर अंगठा होता.

सत्ताविसाव्या नोंदीवर त्यांचं बोट थांबलं. ती कादंबरी त्यांनी दोनदा वाचली होती. आसामकडे ट्रक घेऊन गेलेला नवरा आणि हायवेवर चहाची टपरी चालवत त्याची वाट बघणारी बायको. शेवटच्या प्रकरणात दुसरा एक ड्रायव्हर त्या नवऱ्याची बॅग घेऊन येतो. फक्त बॅग.

वहीत मात्र लिहिलं होतं, "शेवटी तो येतो. अंगणात पाय धुतो, भाकर मागतो. बाई काही विचारत नाही. मीही विचारलं नसतं."

"सापडलं," सिंधूताई मोठ्याने म्हणाल्या.

समितीचे अध्यक्ष उद्धवराव वकील होते. त्यांनी नोंद वाचली, कपाळाला आठी घातली. "म्हणजे पुस्तक न वाचताच लिहिलंय. पण मग हे कापसाचं वगैरे कोण लिहितं?"

"पुस्तकं कोण नेतं ते आधी बघू या," सिंधूताई म्हणाल्या.

देवघेवीच्या रजिस्टरात प्रत्येक वेळी एकच सही होती, आचल ढोकणे. नात. स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी अमरावतीत खोली करून राहणारी. ग्रंथालयात ज्येष्ठ सभासदांना एका वेळी चार पुस्तकं मिळत, इतरांना दोन. सिंधूताईंच्या डोक्यात सगळं चित्र तयार झालं. पोरीने आजीच्या नावाचं कार्ड काढलं, पुस्तकं स्वतः चाळली, मैत्रिणीकडून काही लिहून घेतलं आणि आता आजीच्या नावावर सत्कारही पदरात पाडून घेणार.

आचल शनिवारी पुस्तकं बदलायला आली तेव्हा सिंधूताई काउंटरजवळच बसल्या होत्या. बावीस वर्षांची सडपातळ मुलगी, पाठीवर सॅक.

"आजी वाचतात का गं हे सगळं?"

"हो मॅडम."

"स्वतः?"

आचलने सॅकचा पट्टा घट्ट धरला. "म्हणजे... हो. वाचतात."

"मग सही का नाही? अंगठा का?"

पोरीचा चेहरा उतरला. "मॅडम, कार्ड बंद करू नका ना. आमी काही खोटं नाही केलं." एवढं बोलून ती पुस्तकं तशीच काउंटरवर ठेवून जवळजवळ पळालीच. खोटं नाही केलं असं आपणहून म्हणणारी मुलं सिंधूताईंनी चौतीस वर्षं पाहिली होती.

बुधवारी सकाळी त्या अकोल्याच्या एसटीत बसल्या, अकोल्याहून तेल्हाऱ्याची गाडी धरली आणि तिथून ऑटोने गावात उतरल्या. कळवलं नव्हतं. कळवलं की माणसं तयारी करून ठेवतात, हा त्यांचा जुना अनुभव.

घर शोधायला वेळ लागला नाही. दोन खोल्या, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, दार सताड उघडं. ओसरीवर एक म्हातारी बाई भिंतीला टेकून बसली होती आणि चाळिशीतली एक बाई तिच्याजवळ पुस्तक धरून मोठ्याने वाचत होती. एकेका शब्दावर पाय ठेवत, नदी ओलांडावी तसं. सिंधूताई अंगणातच थांबल्या. वाचणारीने वर पाहिलं, पण म्हातारीची मान भलत्याच दिशेला वळली.

"कोन हाय वं चंदा?"

तेव्हा सिंधूताईंना कळलं. गोदाबाईंना दिसत नव्हतं.

त्या ग्रंथालयाकडून आल्याचं कळताच चंदाने पुस्तक बाजूला ठेवलं आणि पाणी आणलं. ती गोदाबाईंची सून. सकाळीच हरभरा कापून आली होती, झाडाची आंबट आंब हातांना अजून लागलेली होती.

"आचलनं फोन केलता," ती म्हणाली. "पोट्टी रडून राहिली होती. म्हने आपलं कार्ड जाते आता."

"काहून जाईन?" गोदाबाई म्हणाल्या. "मी सातवी शिकेल हाय, बाई. काचबिंदूनं दोन वर्सं झाले डोये नेले, नाईतर मीच वाचत होती. आता हे चंदा वाचते, मी आयकतो. मंग मी सांगतो अन् हे लिहिते. आचल घरी असली का ते लिहिते. नाव माहं टाकलं, कारन बोलनं माहं हाय. यात चोरी काय झाली?"

दोन अक्षरं, अंगठा, पोरीचं घाबरणं, सगळ्याचा उलगडा दोन मिनिटांत झाला होता. पण एक गोष्ट उरली होती आणि ती सोडून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"त्या ट्रकवाल्याच्या कादंबरीचा शेवट आठवतो का तुम्हाला?"

"आठवते नाई त काय! तो येते. अंगनात पाय धुते."

"पण पुस्तकात तर..." सिंधूताई बोलता बोलता थांबल्या. गोदाबाईंच्या मागे उभ्या असलेल्या चंदाने दोन्ही हात जोडले होते. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"पुस्तकात काय?" गोदाबाईंचा स्वर बदलला. "येगळं हाय का काही?"

"नाही. पाय अंगणात धुतो की विहिरीवर, तेवढं मला आठवेना."

"अंगनात," गोदाबाई सावकाश म्हणाल्या. आंधळे डोळे सिंधूताईंच्या आवाजावर रोखलेले होते. त्यांना खरं वाटलं की नाही ते काही कळेना.

चंदा चहाच्या निमित्ताने सिंधूताईंना आत घेऊन गेली. चुलीपुढे बसून तिने आधी आधण ठेवलं.

"आचलचे बाबा चार वर्सांपासून नाई घरात," ती मग म्हणाली. "किशोर नाव. घरी भांडन झालं, गुजरातेत कापसाच्या जिनिंगमधी कामाले जातो म्हनून गेले. पयले सा महिने फोन होता. मंग बंद."

"म्हणून सासूबाईंसाठी शेवट बदललात."

"नाई मॅडम." चंदाने मान हलवली. "आईसाठी असतं त तुमाले सांगाले लाज नसती वाटली. माह्यासाठी बदलला. मी पान उलटवलं, ते बॅगचं वाचलं मनात, अन् तोंडातून निघेच ना. वाटलं, आपुन बोललो त खरं होईन. मंग जे तोंडात आलं ते बोलली."

वर्गात कॉपी सापडल्यावर मुलाच्या समोर बसून सिंधूताईंनी कधी 'का केलंस' विचारलं नव्हतं. विचारायची गरजच वाटली नव्हती.

ओसरीवर चहा झाल्यावर गोदाबाईंनी सुनेला शेजारून लिंबं आणायला पाठवलं. "मॅडमले घेऊन जाऊ दे चार." चंदाची पावलं दूर गेल्याची खात्री होईपर्यंत त्या कान देऊन बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तो येत नाई ना? त्या पुस्तकात?"

सिंधूताई दचकल्या. "तुम्हाला कसं..."

"बाई, पुस्तक तुमच्यासारखं बोलते. 'तो आला आणि तिने पाहिले' असं. हे वाचते तवा अडखयते, पन बोलते पुस्तकासारखंच. त्या दिशी शेवटी शेवटी ते घरातल्यासारखी बोलाले लागली. अडखयली बी नाई. मले तवाच समजलं का पुस्तक सुटलं हिच्या हातातून." त्यांनी पदराने ओठ पुसले. "काय होते त्याचं?"

"बॅग येते फक्त."

"हं." गोदाबाईंनी चहाचा कप चाचपून बाजूला सारला. "मी वहीत तेच लिहाले लावलं, ते बोलली ते. तिले वाटते मले मालूम नाई. तसंच राहू द्या. किशोर माहं लेकरू हाय, पन वाट चंदा पाहून राहिली."

चंदा लिंबं घेऊन आली. सिंधूताईंनी ती पिशवीत टाकली आणि निघाल्या. परतीच्या गाडीत त्यांना घरच्या कपाटातली स्वतःची वही आठवली. तिच्यात बावन्न कादंबऱ्या होत्या. त्यातल्या तीन अर्ध्यावर सोडलेल्या होत्या आणि तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

समितीच्या बैठकीत त्यांनी सरळ सांगितलं. वही खरी आहे, बाई आंधळ्या आहेत, सून वाचून दाखवते.

"आणि ती सत्ताविसावी?" उद्धवरावांनी विचारलं.

"माझी गल्लत झाली. दुसऱ्या पुस्तकाचा शेवट माझ्या डोक्यात होता."

सिंधूताईंच्या तोंडून 'माझी गल्लत झाली' हे वाक्य उद्धवरावांनी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. जाताना त्यांनी कपाटातून ती कादंबरी काढून नेली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"सिंधूताई, गल्लत तुमची झालेली नाही. मी वाचली. आता खरं काय ते सांगा, मी अध्यक्ष आहे."

सिंधूताईंनी चंदाचं सांगितलं. गोदाबाईंचंही सांगितलं. मग म्हणाल्या, "एकीचं गुपित दुसरीला कळता कामा नये. तुम्हाला नियमच लावायचा असेल तर वही बाद करा, पण कारण दुसरं द्या."

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. "नियमात 'स्वतः वाचलेल्या' असं लिहिलंय," उद्धवराव शेवटी म्हणाले. "पण स्वतः म्हणजे एकटीने, असं कुठे लिहिलेलं नाही. दोघींची नावं घालू या."

मार्चच्या सभेला गोदाबाई आचलचा हात धरून आल्या. चंदा आली नव्हती. शाल, नारळ झालं, माइक समोर आला. गोदाबाईंनी तो हाताने चाचपला आणि म्हणाल्या, "मी बोलतो ते वहीत हाय. वाचनारी घरी हाय. टाया तिच्यासाठी वाजवा." लोकांनी वाजवल्या. शहाण्णववाल्या गृहस्थांनीही वाजवल्या, जरा उशिरा.

नंतर सिंधूताई त्यांना बसस्टँडवर सोडायला गेल्या. गाडीला वेळ होता.

"चंदाबाई का नाही आल्या? मी मुद्दाम फोन केला होता."

"घर बंद ठेवत नाई ते," गोदाबाई म्हणाल्या. "चार वर्सांत एका दिवसाबी कुलूप नाई लावलं. लग्नकार्य असो, मयत असो, दोघींतली एक घरी राहतेच. मी म्हटलं, जा वं बाप्पा, मी राहतो. त म्हने, तुमाले दिसत नाई, कोनी आलं त समजन नाई."

आचल दुसरीकडे पाहत होती. अकोल्याची गाडी लागली. सिंधूताईंनी गोदाबाईंना दंडाला धरून पायरीवर चढवलं आणि खिडकीपाशी बसवलं. गाडी हलेपर्यंत त्या खाली उभ्या राहिल्या.