एकेचाळिसावी पेटी

फेरीबोट सुटायला पंचवीस मिनिटं उरली होती, आणि नील जॉन मोठ्या खुशीत सांगत होता, "एकेचाळिसावी टाकलीय बरं का, पोरी! डॉक्टरीणबाई चहा घेत होत्या ना, तेव्हा."

इशबेलने निर्यातीचा दाखला पाहिला. त्यावर डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे सरकारी पशुवैद्यांनी, माल तपासून चाळीस पेट्या लिहिल्या होत्या.

बेटावरच्या सहा होड्यांचे जिवंत झिंगे तिच्या शेडमधून एकाच ट्रकने फ्रान्सला जात. ब्रिटन युरोपच्या बाजारातून बाहेर पडल्याला तीन आठवडे झाले होते. तेवढ्या दिवसांत दोन ट्रक कागदांपायी पलीकडच्या बंदरात अडकले आणि माल जागीच मेला. तिकडे माल घेणाऱ्या लुसियाँने स्पष्ट सांगितलं होतं, तिसरी खेप बुडाली तर मी आयर्लंडचा माल घेईन. मग शेडला कुलूप, आणि सहाही होड्या विकायला.

नील जॉन तिच्या वडिलांचा जोडीदार. दर खेपेला एक पेटी वरची, फुकट, लुसियाँच्या घरच्यांसाठी. तीस वर्षांत या रीतीत खंड नव्हता.

"काका, तिथे मोजतात!"

"मोजू देत की. कमी थोडीच आहे? जास्त दिलं म्हणून कोणी बोंबललंय का आजवर?"

"चोरटा माल ठरतो तो!"

"माझी पेटी? चोरटी?" म्हातारा लालबुंद झाला.

भांडायला वेळ नव्हता. ट्रकला सील लागलं होतं. ते आपल्या हाताने तोडलं तर दाखला रद्द, आणि डॉक्टरीणबाई बेटावर परत येणार गुरुवारी. गप्प बसावं तर सगळं नशिबावर. ड्रायव्हर डूगल म्हणालाच, "जाऊ दे गं, कोण मोजतंय!" आधीच्या दोन्ही खेपांना तो हेच म्हणाला होता.

इशबेल धक्क्याकडे पळत सुटली. बाईंची गाडी फेरीच्या रांगेत तिसरी होती. धापा टाकत तिने सगळं सांगितलं.

बाईंनी काच पूर्ण खाली केली. "आणि सांगितलं नसतंत तर?"

"तुमची सही खोटी पडली असती."

बाई नवं सील घेऊन उतरल्या. डूगलने आणलेला ट्रक रांगेतच उघडला, सगळ्यांच्या देखत एक-एक पेटी मोजली, एक खाली काढली, दाखल्यावर नव्या सीलचा क्रमांक घालून सही ठोकली. फेरीवरचा खलाशी शिव्या देत सहा मिनिटं थांबला. त्याच्या भावाची होडीही त्या सहांत होती. ट्रक चढला.

धक्क्यावर नील जॉन ती पेटी घेऊन उभा होता. "तुझ्या बापाने पाठवली असती."

"बाबांना दाखला लागत नव्हता. यापुढे शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही, काका. पेट्या दारात ठेवायच्या आणि घरी जायचं."

बोलली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. पण शब्द मागे घेतले नाहीत. म्हातारा पेटी उचलून चढावाने चालू लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी लुसियाँचा फोन आला. माल जिवंत पोचला होता, एकही झिंगा मेला नव्हता. मग त्याचा आवाज एकदम खाली आला.

"इशबेल, पेट्या चाळीसच आल्या. नील जॉन गेला का गं?"

"नाही," ती म्हणाली. "मीच थांबवलं त्याला."