कलम सात कोणी लिहिलं?

विधी खात्याच्या चौथ्या मजल्यावर बसून ज्या बाई कायद्यांचे मसुदे लिहीत, त्यांना शिपायापासून सचिवांपर्यंत सगळे मसुदेबाईच म्हणत. बावीस वर्षांत त्यांनी भटक्या कुत्र्यांपासून समुद्रातल्या मासेमारीपर्यंत कशाकशावर कायदे लिहिले होते. कुत्रं त्यांनी कधी पाळलं नव्हतं आणि बोटीत बसलं की त्यांना मळमळायचं. पण विषयापासून चार हात लांब असलं की मसुदा स्वच्छ उतरतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

म्हणून सचिवांनी ‘जीर्ण औष्णिक वीज केंद्रे बंद करणे व त्याजागी अक्षय ऊर्जा आणणे’ अशी फाईल पुढे सरकवली, तेव्हा बाईंना ती परत सरकवावीशी वाटली. जोडलेल्या यादीत पहिल्याच नंबरावर जे केंद्र होतं, कोळशाचं, चार वीजनिर्मिती संचांचं, एक्केचाळीस वर्षांचं, ते त्यांच्या वडिलांचं होतं. वडील तिथे मालक नव्हते, बॉयलरवर छत्तीस वर्षं नोकरीला होते. पण बोलताना ‘आमचं केंद्र’ आणि ‘तुमचं सरकार’ अशीच त्यांची वाटणी असे.

केंद्रात त्यांना प्रेशरकाका म्हणत. पाळीवर पाऊल टाकताच त्यांचा पहिला प्रश्न ‘प्रेशर किती?’ हा असायचा. निवृत्त होऊन ते आणि आई लेकीकडे राहायला आले त्याला पाच वर्षं झाली होती, तरी केंद्र अंगातून निवृत्त झालं नव्हतं. कुकरची शिट्टी लांबली की हातातला पेपर टाकून ते स्वयंपाकघरात हजर. इमारतीच्या पाण्याचा पंप खालच्या पट्टीत गुणगुणला की वॉचमनला जिना उतरून सांगून यायचे, बेअरिंग गेलंय म्हणून. आणि ते खरोखरच गेलेलं असायचं.

सचिव मुदतीबद्दल काही विचारलं की ‘बघू’ म्हणत, पण या वेळी त्यांनी स्वच्छ सांगितलं की अकरा दिवस आहेत, मंत्र्यांनी सभेत जाहीर करून टाकलंय. मसुदेबाईंनी बाह्या सरसावल्या. कलम सात हे विधेयकाचं काळीज होतं. त्यात त्यांनी एका वाक्यात लिहून टाकलं, की पस्तीस वर्षांहून जुने सगळे संच अमुक वर्षाच्या शेवटच्या दिवशी बंद होतील. वाक्य त्यांना फार आवडलं. त्यात एकही स्वल्पविराम नव्हता.

दिवस कमी होते म्हणून त्यांनी एक गोष्ट केली, जी बावीस वर्षांत केली नव्हती. गोपनीय मसुदा पर्समध्ये घालून घरी आणला. आता घरात तो ठेवायचा कुठे? वडील छापलेलं काहीही वाचत, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा. शेवटी बाईंनी तो चादरींच्या कपाटात, पांढऱ्या चादरींच्या मधोमध सरकवला.

इथे त्यांचा हिशेब चुकला. त्या पांढऱ्या चादरी म्हणजे आईचा जीव की प्राण. केंद्राच्या वसाहतीत छत्तीस वर्षं तिने एक पांढरी चादर घेतली नव्हती. दोरीवर टाकलेलं कापड दुपारपर्यंत राखेनं करडं व्हायचं, म्हणून सगळं घर तपकिरी. लेकीकडे आली त्या आठवड्यात तिने एकदम चार पांढऱ्याशुभ्र चादरी घेतल्या, आणि दर रविवारी त्या काढून, झटकून, पुन्हा घडी घालायची. त्या रविवारी घडीतून कायदा निघाला. आईने चष्मा लावून पहिलं पान वाचलं, आणि तोच कागद नवऱ्यासमोर नेऊन ठेवला. लेकीनं लिहिलंय, एवढंच ती म्हणाली. बाजू कुणाची ते तिने सांगितलं नाही, पण सकाळभर ती गुणगुणत होती.

प्रेशरकाका दिवसभर तो कागद घेऊन बसले. जेवण झालं, पाणी सुटलं, पंप वाजला, तरी उठले नाहीत. सोमवारी सकाळी चहाच्या कपाशेजारी मसुदा होता, आणि त्यावर तांबड्या पेन्सिलीच्या त्रेपन्न खुणा.

“बाबा, हा गोपनीय कागद आहे,” बाई म्हणाल्या.

“गोपनीयच राहू दे,” काका म्हणाले. “लोकांनी वाचला तर तुला हसतील.”

मग त्यांनी बसवून घेतलं आणि लेकीची तासभर हजेरी घेतली. बॉयलर म्हणजे काय दिव्याचं बटण आहे, शेवटच्या दिवशी खट्कन दाबायला? तो थंड व्हायलाच दिवस लागतात. आणि चारही संच एकदम बंद केलेस, वर ढग आले, वारा पडला, तर दवाखान्यातल्या मशिनी कशावर चालवणार, तुझ्या कलम सातवर? त्यांचं म्हणणं असं, की आधी नवं उभं राहू दे. सौर, पवन, त्यांच्या बॅटऱ्या, सगळं. त्याने सलग नव्वद दिवस मागणी पेलून दाखवू दे, त्यातले तीस दिवस ऐन उन्हाळ्यातले, आणि तेही संध्याकाळचे, कारण माणसं घरी येऊन सगळी बटणं एकदम दाबतात ती तेव्हाच. मग एक संच बंद. मग पुन्हा नव्वद दिवस, मग दुसरा. कामगारांना नवं काम शिकवायचं ते संच बंद व्हायच्या आधी, नंतर नव्हे.

बाई लिहीत गेल्या. कलम सातमध्ये आता चौदा स्वल्पविराम झाले. शेवटी त्यांनी भीत भीत विचारलं, की म्हणजे तुम्हाला हा कायदा पटतो?

“अजिबात नाही,” काका म्हणाले. “आणि तो ‘जीर्ण’ शब्द काढ. जीर्ण कपडे असतात.”

तो शब्द मंत्र्यांच्या भाषणातला होता, त्यामुळे काढता येईना. बाकीच्या बावन्न दुरुस्त्या बाईंनी गुपचूप घेतल्या. मसुदा वाचून सचिवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला, आणि कलम सातसाठी कुणाचा सल्ला घेतला असं विचारलं. एका निवृत्त माणसाचा, बाई म्हणाल्या. सचिवांनी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते माहीत झालं असतं, आणि माहीत झालेल्या गोष्टीचं काहीतरी करावं लागतं. विधेयक सभागृहात गेलं, आणि तिथून छाननीला समितीकडे.

समितीच्या अध्यक्षा एकेकाळच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या बोलत कमी, पण नुसत्या बघू लागल्या तरी मोठमोठे अधिकारी बाकावर सरळ होऊन बसत. समितीतला विधेयकाचा कट्टर विरोधक म्हणजे केंद्राच्या भागातून निवडून आलेला सदस्य. त्याला मित्र आणि शत्रू दोघंही गर्जनासाहेब म्हणत. साक्षीच्या दिवशी मसुदेबाई मागच्या रांगेत कागद घेऊन बसल्या होत्या. कामगार संघटनेचा साक्षीदार आत बोलावला गेला आणि निवृत्तीच्या दिवशी शिवलेला कोट घालून त्यांचे वडील आत आले.

सकाळी ते दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणून घरून निघाले होते.

काका बोलले, आणि काय बोलले. केंद्र उभं राहिलं तेव्हा आजूबाजूच्या अठरा गावांत पहिल्यांदा दिवा लागला तो कसा. दोन नंबरचा संच एकदा दोनशे बारा दिवस न थांबता चालला, तेव्हा पाळीवरची माणसं त्याच्याशी हळू आवाजात कशी बोलायची. समितीतले दोघंतिघं चहा प्यायचे विसरले. गर्जनासाहेब तर फुलून आले. आता विधेयकाच्या चिंध्या करून घ्यायच्या, म्हणून त्यांनी कलम सात उघडलं. नव्वद दिवस काय, उन्हाळा काय, संध्याकाळ काय, हे असलं तऱ्हेवाईक कलम एअरकंडिशनमध्ये बसणारा माणूसच लिहू शकतो, असं म्हणून त्यांनी साक्षीदाराकडे हात केला.

“तुम्हीच सांगा काका, हे कलम लिहिणाऱ्याने जन्मात कधी बॉयलर पाहिलाय का?”

प्रेशरकाकांचा चेहरा लाल झाला. मागच्या रांगेतून मसुदेबाई जिवाच्या आकांताने मान हलवत होत्या. पण छत्तीस वर्षं ज्या माणसाला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता, त्याला ती मान दिसणं शक्य नव्हतं.

“पाहिलाय,” काका म्हणाले. “मीच लिहिलंय ते.”

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं आणि हा मसुदा साक्षीदाराने कधी, कुठे पाहिला, असं शांतपणे विचारलं. काकांनीही तितक्याच शांतपणे सांगितलं, की सभागृहात येण्याआधी, मुलीच्या घरी, चादरींच्या कपाटात. कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांनी बघितलं, हसू थांबलं.

मसुदेबाई उभ्या राहिल्या. मुलगी ती मीच, कागद घरी मी नेला, चूक माझी आहे, वडिलांची नाही, आणि कलमात आता एकही चूक नाही, असं सगळं त्या एका दमात बोलून गेल्या. त्याबद्दल खातं लेखी खुलासा घेईल, बसा, अध्यक्षा म्हणाल्या. बाई बसल्या. मग अध्यक्षा काकांकडे वळल्या, आणि तुम्ही विरोधात साक्ष द्यायला आलात, मग कलम सुधारून कशाला दिलंत, असं त्यांनी विचारलं.

“विरोध करायचा तर धड कायद्याला करावा, बाई,” काका म्हणाले. “चुकलेल्या कायद्याला काय विरोध करायचा?”

अध्यक्षा प्रथमच किंचित हसल्या. शेवटचा एकच प्रश्न, त्या म्हणाल्या. हे संच अजून दहा वर्षं चालतील का?

गर्जनासाहेब पुढे वाकले. संघटनेने या उत्तराची काकांकडून तयारी करून घेतली होती, उत्तर ‘सहज’ असं होतं. काकांनी कोटाचं बटण काढलं, पुन्हा लावलं.

“चालतील,” ते म्हणाले. “पण तीन नंबरच्या नळ्यांवर आता मूळ लोखंडापेक्षा वेल्डिंग जास्त आहे. फुटली नळी की माणूस आत पाठवावा लागतो. मी पाठवायचो. एकदा एक जण भाजून बाहेर आला. तो बरा झाला, पण मी अजून त्याच्या घरी गेलेलो नाही.” मग त्यांनी टेबलावरचा मसुदा बोटाने दूर सारला. “बंद करा. फक्त जीर्ण म्हणू नका.”

मसुदेबाईंनी वडिलांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली आणि नोंदवहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

पुढे सगळं रीतसर झालं. समितीने ‘जीर्ण’ काढून ‘जुनी’ घातलं. सात महिन्यांनी विधेयक मंजूर झालं, कलम सात स्वल्पविरामांसकट शाबूत. गर्जनासाहेबांनी बाजूने मत दिलं आणि भाषणात छाती पुढे काढून सांगितलं, की या कायद्याचं काळीज माझ्या भागातल्या माणसाने लिहिलंय. मसुदेबाईंना ताकीद मिळाली आणि वर्षभर जुन्या कायद्यांच्या सूची करायला बसवलं. सचिवांनी त्यांना एकांतात सांगितलं, की पुन्हा असं करू नका, आणि जाता जाता विचारलं, की वडिलांना धरणांबद्दल काही माहिती आहे का.

घरी मात्र सोपं गेलं नाही. जुन्या सहकाऱ्यांनी काकांशी बोलणं टाकलं. महिनाभर फोन वाजला नाही, ते खिडकीशी बसून राहत. आई त्यांना चादरींच्या घड्या घालायला बसवी, आणि ते कुरकुरत का होईना, घालत. मग एका सकाळी फोन आला तो त्या भाजलेल्या वेल्डरचा. तो काय म्हणाला ते कळलं नाही. काका नुसते ‘हो रे’, ‘हो रे’ म्हणत होते, आणि फोन ठेवल्यावर गाडीचं वेळापत्रक शोधू लागले.

पहिला संच बंद व्हायला दोन वर्षं लागली आणि शेवटचा चौथ्या वर्षी थांबला. तोवर टेकडीपलीकडे सौर पट्ट्यांची रांगच रांग उभी राहिली होती, आणि तिथे धूळ पुसायची पद्धत चुकीची आहे म्हणून काकांनी दोनदा भांडण केलं होतं. शेवटच्या दिवशी लेक त्यांना घेऊन गेली. भाषणं झाली, फिती कापल्या, वाफ सोडली ती चाळीस मिनिटं सुटत राहिली. मग अंधार पडता पडता ती थांबली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा वसाहतीत काहीच घरघरत नव्हतं.

आणि कंट्रोल रूमचा फोन वाजू लागला. लोक घाबरून विचारत होते, की एवढं शांत का, काही झालंय का, दिवे तर लागलेत मग आवाज कुठे गेला. पाळीवरची माणसं फोटो काढण्यात गुंतली होती. काका खुर्ची ओढून फोनजवळ बसले. लेक त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली, तेव्हा ते नवव्या माणसाला समजावत होते.

“काही बिघडलेलं नाही,” ते म्हणत होते. “बंद केलंय. हो, मुद्दामच. झोपा आता निवांत.”