ओला चमचा

ही गोष्ट मी माझ्या लेकीला, अक्षदाला, विचारून सांगतो आहे. लिहून झाल्यावर कागद आधी तिच्या हातात दिले. तिने लाल पेनाने दोन ओळी खोडल्या आणि म्हणाली, "आता चालेल." तेहतीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल पेन मी चालवला, आता तो माझ्यावर चालतो. बरंच झालं म्हणायचं.

मी राजेंद्र, महाडच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला मास्तर. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, सगळी मिळून सोळा घरं. कुणी दवाखान्यात नर्स, कुणी एमआयडीसीत कामाला, आणि पोलादपूरहून दर रविवारी एसटीने येणाऱ्या येसूबाई. प्रवचन देणारे पाळक महिन्यातून एकदा येतात. एरवी उपासना आम्हीच चालवतो. तिच्यात साक्षीची वेळ असते, म्हणजे आठवडाभरात देवाने काय दाखवलं ते उभं राहून सांगायचं. त्या वेळेचा राजा मी. घरात काहीही घडो, मी त्याला बायबलातला दाखला जोडून धडा काढणारच. पाहुणे बसलेले असताना सिलिंडर संपला, की दिव्यात तेल न ठेवणाऱ्या कुमारिका. बायकोच्या कानातली कुडी तांदळाच्या डब्यात सापडली, की हरवलेलं नाणं. बायको, सरिता, म्हणायची, "मास्तर, मी शिंकले तरी तुम्ही ते रविवारी सांगाल." मंडळी हसायची आणि मला आणखी चेव चढायचा.

सरिता गेल्या सप्टेंबरात गेली. पोटाचा कॅन्सर, चार महिन्यांत सगळं आटोपलं. घरात मी आणि आमची मुलगी अक्षदा उरलो. ती एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे, पहाटे उठून पहिल्या शिफ्टची बस धरते. जेवणाआधी हातात हात घेऊन प्रार्थना करायची आमच्या घरची रीत. आधी ती सरिता करायची, नंतर अक्षदा करू लागली. मी आपला 'आमेन' म्हणून भाताकडे वळायचो.

फेब्रुवारीत एकदा भांडी घासता घासता ती पाठमोरीच म्हणाली, "पप्पा, मी जेवताना जे बोलते ना, ते नुसतं पाठ झालेलं आहे. आई गेल्यापासून मला प्रार्थनाच करता येत नाही. तिकडे कुणी ऐकतंय असं वाटतच नाही." मग नळ बंद केला आणि म्हणाली, "फक्त तुम्हाला सांगते आहे."

रविवारी मी उभा राहिलो. "माझ्या लेकीसाठी प्रार्थना करा, तिचा विश्वास विझत चालला आहे," म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मास्तरकी कुठे गप्प बसते? नळ, भांडी, तिचे शब्द, सगळं सांगितलं आणि वर हरवलेल्या मेंढराचा दाखला जोडला. आमच्यात चहाडखोराला नावं ठेवतात, पण तीच चहाडी प्रार्थनेची विनंती म्हणून केली की सगळे डोळे मिटून मन लावून ऐकतात. अक्षदा तिसऱ्या बाकावर होती. ती उठली नाही, रडली नाही. उपासना संपल्यावर चपला घालून एकटी चालत घरी गेली.

बुधवारी संध्याकाळी मंडळीतल्या चौघीजणी तिच्यासाठी प्रार्थना करायला आल्या. ती शिफ्टवरून येऊन नुकती टेकली होती. तिला मधोमध खुर्चीवर बसवून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले. शर्मिलाताईंना तर हुंदका आवरेना. अक्षदा आपल्या गुडघ्यांकडे बघत बसली. आलेल्यांना उपाशी कसं पाठवायचं, म्हणून मी वरणभात लावला होता. तोंडी लावायला काहीतरी हवं, म्हणून फळीवरून बरणी काढली. सरिताने मे महिन्यात, दुखणं अंगावर काढत घातलेलं कैरीचं लोणचं, शेवटची बरणी. नुकताच धुतलेला चमचा तसाच आत बुडवला आणि सगळ्यांना वाढलं. "अगदी सरिताच्या हातची चव," बायका म्हणाल्या. मला भरून आलं.

त्या दिवसापासून अक्षदा ताट घेऊन आपल्या खोलीत जेवू लागली. पुढच्या रविवारी उपासनेला आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी तिने बरणी उघडली, तर वर पांढरी बुरशी.

"चमचा पुसला होता?" तिने विचारलं.

"धुतला होता," मी म्हणालो.

"आई दर वर्षी एवढंच सांगायची, ओला चमचा घालू नका." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "आईचं लोणचं आणि माझं दुःख, दोन्ही तुम्ही लोकांना वाढलंत, पप्पा." मग तिने सांगितलं, की कंपनीतल्या दोन मुलींबरोबर ती बिरवाडीला खोली घेते आहे. एक तारखेला जाणार.

मला राग आला, खोटं कशाला सांगू? लेकीसाठी प्रार्थना मागितली हा काय गुन्हा झाला, असं मी ओरडलोदेखील. तिने दार लावून घेतलं. मी मोरीत बसून बरणी घासली, आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे घासतानाच डोक्यात धडा जुळून आला. ओला चमचा, बंद झाकण, बुरशी! इतका झकास दाखला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. हात पुसून तो मी वहीत उतरवून काढला.

रविवारी उपासनेच्या सभागृहाच्या पायरीवर येसूबाई बसल्या होत्या. "पोर कुठं हाय?" त्यांनी विचारलं. ती घर सोडून जाते आहे, असं मी सांगितलं.

"मास्तर, पोरीनं तुमाला सांगितलान. तुमी सोळा घरांना सांगितलंत. देव काय बहिरा हाय?"

"पण मंडळीने प्रार्थना करायला नको का?"

"करावी की. माज्या घरात काय थोडं घडलंय? वीस वरसं येतेय मी हितं. कधी आयकलंत तुमी?" त्यांनी पदर डोक्यावर ओढला. "नाय ना? पण त्यानं आयकलान."

आत पहिलं गीत सुरू झालं, तसा मी जाऊन बसलो.

गीत संपता संपता अक्षदा आली आणि शेवटच्या बाकावर बसली. आज बाप काय बोलतो ते ऐकायला आली होती, हे मला न सांगता कळलं. साक्षीची वेळ झाली. "मास्तर, सांगा," शर्मिलाताई म्हणाल्या. मी वही घेऊन उभा राहिलो. अक्षदा माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हातातल्या वहीकडे बघत होती.

"मी माझ्या मुलीची गोष्ट इथे सांगितली," मी म्हणालो. "ती सांगायचा हक्क मला नव्हता. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर तिची माफी मागतो. आज माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही." आणि खाली बसलो. आयुष्यात पहिल्यांदा इतकं थोडं बोललो.

दुपारी अक्षदाने दोन ताटं बाहेर मांडली. मग खोलीत गेली आणि कपड्यांच्या कपाटातून कॉफीची एक छोटी बाटली घेऊन आली. आत लोणचं होतं.

"आईने मला वेगळं काढून दिलं होतं," ती म्हणाली. "म्हणाली, पप्पांना सांगू नकोस, एका रविवारात संपवतील."

मी हसलो, आणि हसता हसता रडू लागलो. सरिता गेल्यापासून असा रडलो नव्हतो. अक्षदाने मला रडू दिलं. कोरड्या फडक्याने चमचा दोन्हीकडून पुसला, माझ्या ताटात एक फोड वाढली आणि झाकण घट्ट लावलं. खोलीबद्दल मी विचारलं नाही. एक तारीख आली आणि गेली, ती घरातच आहे.

त्या दुपारी, लोणचं वाढून झाल्यावर, तिने हात पुढे केला. मी तो धरला आणि डोळे मिटले. भात निवत चालला होता. ती पाठ केलेली प्रार्थना म्हणेल असं मला वाटलं, पण तिने म्हटली नाही. मीही तोंड उघडलं नाही. बऱ्याच वेळाने ती अगदी हळू काहीतरी बोलली. माझ्याशी नव्हे.

ती काय बोलली ते मी इथे लिहिलं होतं. त्याच दोन ओळी तिने खोडल्या आहेत.